तुटलं नाही ना, मग खेळ!

तलवारबाजीच्या क्लबात एक संवाद रोज ऐकू येतो. एखादं पोरगं पातं हातात धरून येतं आणि म्हणतं, "सर, हे वाकडं झालंय." सर दुसऱ्या कुणाचं तरी फूटवर्क बघत असतात. मान न वळवता म्हणतात, "वाकलंय ना? तुटलं नाही ना? मग खेळ." पोरगं परत जातं आणि खेळतं. माझं भांडण या उत्तराशी आहे. हे उत्तर आळशी आहे, आणि त्याची किंमत प्रश्न विचारणाऱ्या पोराला मोजावी लागत नाही. ती त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पोराला मोजावी लागते.

आधी माझा या विषयाशी संबंध सांगतो. मी शाळेपासून फॉइल खेळतो. पदकांच्या बाबतीत माझं नाव कुणी ऐकलं नसेल आणि ऐकायची गरजही नाही. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. पुण्यात दगड भिरकावला तर असल्याच कुणाला तरी लागेल. दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी क्लबात जातो. पण डिग्रीच्या तिसऱ्या वर्षी मशीन डिझाइनच्या पेपरात जे घोकलं, ते रोज संध्याकाळी पात्यांच्या स्टँडवर डोळ्यांसमोर घडताना दिसतं. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉइल, एपी आणि सेबर अशी तीन हत्यारं असतात. फॉइल आणि एपीचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर, सेबरचं ८८. फॉइल आणि एपीमध्ये टोकानेच मारायचं असतं. त्या टोकावर स्प्रिंगचं बटण असतं. फॉइलचं बटण किमान ५०० ग्रॅम आणि एपीचं किमान ७५० ग्रॅम दाबाशिवाय दिवा लावत नाही. म्हणजे टोक समोरच्या अंगावर नीट दाबलं गेलं पाहिजे. ते दाबलं गेलं की मागचं पातं कमानीसारखं वाकतं. वाकावंच लागतं. ते वाकलं नाही तर हातात तलवार नसून भाला आहे असं समजा. आपल्या झेपेचा जोर पातं स्वतःत जिरवतं, म्हणून समोरच्याला टोचणी लागते, जखम होत नाही.

तेव्हा वाकणं हा पात्याचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. प्रश्न ते सरळ परत येतं का, हा आहे.

धातूचं वाकणं दोन प्रकारचं असतं. एका मर्यादेपर्यंत वाकवलं तर तो सोडल्यावर मूळ जागी येतो. त्या मर्यादेपलीकडे गेलात तर बाक कायमचा राहतो. बांधकामावर सळया बांधायची तार तुम्ही हातात घेतली असेल. ती एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहिलं की पाच-दहा वेळा काही होत नाही आणि मग अचानक तुटते. तुटण्याच्या आदल्या क्षणापर्यंत ती धडधाकट दिसत असते. पात्याचंही तेच होतं, फक्त फार सावकाश. याला इंजिनिअरिंगमध्ये फटीग म्हणतात, म्हणजे धातूचा थकवा. शब्द बरोबर आहे, पण त्यामुळे एक गैरसमज होतो. माणूस थकला की बसतो आणि विश्रांती घेऊन ताजा होतो. धातू ताजा होत नाही. आजच्या संध्याकाळचा थकवा उद्याच्या संध्याकाळी जमेलाच असतो.

थकव्याची सुरुवात बहुतेक वेळा पृष्ठभागावर होते. पात्यावर पातं आपटून पडलेली खाच, पावसाळ्यात बॅगेत ओलं राहून चढलेल्या गंजाचा खड्डा, किंवा एकाच जागी आलेला कोनासारखा मोड. तिथे ताण गोळा होतो, केसाहून बारीक चीर पडते आणि प्रत्येक हल्ल्यागणिक ती थोडी आत सरकते. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडायच्या आधी निदान लॉगमध्ये इशारे येतात, रात्री तीन वाजता का होईना फोन वाजतो. पातं फोन करत नाही. "अजून तुटलं नाही" हे वाक्य कालपर्यंतची बातमी सांगतं. आजच्या लढतीबद्दल ते काहीच सांगत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग काय, वाकलं की फेकून द्यायचं? तसं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज पातं सरळ करतो, जगातला प्रत्येक तलवारबाज करतो. पातं जमिनीवर टेकवायचं, बुटाचा तळवा वर ठेवायचा आणि मूठ हळूहळू ओढत घ्यायची. जोर एकाच जागी द्यायचा नाही, बाकाच्या पूर्ण लांबीवर वाटायचा. मांडीवर ठेवून मोडल्यासारखं करायचं नाही. गॅसवर तर मुळीच तापवायचं नाही. कारखान्यात मोजूनमापून उष्णता देऊन पात्याला जी लवचीकता आणलेली असते, ती तुमची शेगडी दोन मिनिटांत घालवते. आणि हे सगळं पिस्टच्या बाहेर करायचं. विजेच्या पिस्टवर टोक टेकवून पातं सरळ करणं हा नियमाने गुन्हा आहे, त्याला पिवळं कार्ड मिळतं.

नियमपुस्तकच या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणं आहे. फॉइलच्या पात्याला बाक चालतो, पण १ सेंटिमीटरपेक्षा कमी, तोही फक्त उभ्या दिशेत आणि पात्याच्या मध्याजवळ. एपीलाही उभ्या दिशेतच आणि १ सेंटिमीटरच्या आत. सेबरला ४ सेंटिमीटरच्या आत, पण सलग. हे आकडे बहुतेक खेळाडूंना पाठ असतात, कारण स्पर्धेत हत्यार तपासलं जातं. पण त्यामागचा अर्थ फारसा कुणी समजावून देत नाही. बाक थोडा आणि सलग असेल तर तो लांबीभर वाटला जातो. उभ्या दिशेत असेल तर पातं दर वेळी एकाच बाजूला वाकतं, उलटसुलट पिळत नाही. म्हणजे पातं कसं वाकलं तर जगेल याचं ते वर्णनच आहे. आपण मात्र हा नियम स्पर्धेच्या सकाळी अर्धा तास पाळतो आणि वर्षातल्या उरलेल्या सगळ्या संध्याकाळी विसरतो. खरं तर सर्वांत जास्त हल्ले पातं सरावातच खातं.

मग कुठलं पातं ठेवायचं आणि कुठलं काढायचं? एकाच जागी कोन पडला असेल तर काढा. इंग्रजी 'एस'सारखा दुहेरी बाक आला असेल आणि सरळ करूनही परत येत असेल तर काढा. सरळ केलेलं पातं दोन लढतींत पुन्हा त्याच ठिकाणी बसत असेल तर ते तिथे मेलेलं आहे, काढा. खोल खाच, गंजाचे खड्डे, डोळ्याला दिसणारी चीर यांना तर दुसरी संधीच नाही. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कापसाचा बोळा घ्या, पात्यावरून टोकापर्यंत चारही बाजूंनी फिरवा. तंतू अडकला तिथे थांबा आणि नीट बघा. वरवरची कुसळं असतील तर बारीक कानस किंवा पॉलिश पेपरने घासून टाका. खाली खाच उरलीच तर पात्याचा निरोप घ्या. एका पात्याला एक मिनिट पुरतं. वॉर्मअपच्या आधी आपण सगळे रील्स बघण्यात यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय फक्त काटकसरीचा उरत नाही, ती सांगतो. १९८२ च्या जुलैमध्ये रोमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. व्लादिमीर स्मिर्नोव हा सोव्हिएत संघाचा फॉइलपटू, दोनच वर्षांपूर्वी मॉस्को ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलेला. पश्चिम जर्मनीच्या माथियास बेहरशी लढताना बेहरचं पातं तुटलं. तुटकं टोक स्मिर्नोवच्या मास्कची जाळी भेदून डोळ्यातून मेंदूपर्यंत गेलं. काही दिवसांनी तो वारला. बेहरने काही वावगं केलं नव्हतं. झेप घेतलेलं शरीर हवेत थांबवता येत नाही. पातं तुटलं तरी त्यामागचा वेग तसाच पुढे जातो, फक्त आता त्याच्या टोकाला बटण नसतं, फाटलेलं पोलाद असतं.

त्या मृत्यूनंतर खेळ बदलला. मास्क मजबूत झाले, कपड्यांच्या चाचण्या कडक झाल्या. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या दर्जाच्या जॅकेटला ८०० न्यूटन आणि मास्कच्या गळपट्टीला १६०० न्यूटनचा भेद सोसावा लागतो, आणि मोठ्या स्पर्धांत मारेजिंग पोलादाची पाती आली. हे निकेल भरपूर आणि कार्बन अगदी कमी असलेलं पोलाद. त्यात चीर पडली तरी ती साध्या कार्बन पोलादापेक्षा पुष्कळ सावकाश वाढते. पण आपल्याकडे यातून एक अंधश्रद्धा जन्माला आली आहे. मारेजिंग तुटत नाही, किंवा तुटलंच तर बोथट तुटतं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. दोन्ही खोटं आहे. तेही थकतं, तेही तुटतं आणि तुटलेलं टोक साध्या पात्याइतकंच अणकुचीदार असू शकतं. महाग पात्याने तुम्हाला जास्त वेळ विकत दिलेला असतो. तो वेळ अमर्याद नसतो.

या पार्श्वभूमीवर आपल्या क्लबांतली वाटणी बघा. नवं पातं कुणाला मिळतं? राज्य स्पर्धेला जाणाऱ्याला. त्याचं वापरून झालं की ते ज्युनिअरला. ज्युनिअरकडून ते क्लबाच्या स्टँडवर. आणि स्टँडवरचं पातं कुणाला? काल प्रवेश घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलीला. तिच्या डोक्यावरचा मास्कही क्लबाचाच, जाळीला पोचे पडलेला. तिचं जॅकेट दोन मापं मोठं, गळ्याशी सैल. तिच्या समोर उभा राहणारा मुलगाही तिच्याइतकाच नवा. त्याला अंतराचा अंदाज नाही. तो टोक लावत नाही, खुपसतो. म्हणजे सर्वांत थकलेलं पातं, सर्वांत आडदांड हल्ला आणि सर्वांत कच्चं संरक्षण, तिन्ही एकाच वयात एकत्र आणायची व्यवस्था आपण करून ठेवली आहे. उलट असायला हवं होतं. अनुभवी खेळाडूला पात्याचा अंदाज असतो, ते बिनसलं तर त्याला हातात कळतं. नवख्याला काहीच कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शिबिरात, कुठल्या ते सांगत नाही, एका मुलाचं पातं लढतीत मधोमध तुटलं. तुटका तुकडा टणत्कार करत भिंतीपाशी जाऊन पडला. कुणाला काही लागलं नाही. पहिली प्रतिक्रिया काय आली असेल? टाळ्या. "काय ताकद आहे पोराची!" तुकडा हातोहात फिरला, फोटो निघाले, मुलाने तो आठवण म्हणून घरी नेला. ज्याच्या छातीवर ते पातं तुटलं होतं त्याला कुणी विचारलंही नाही. मी तुकडा हातात घेऊन बघितला होता. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळपट होता, बाकीचा चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. हवा लागून, गंज धरून ती तिथे आधीपासून होती. चकचकीत भाग तेवढा त्या दिवशी तुटला. त्या पोराच्या ताकदीचा यात फारसा संबंध नव्हता. ते पातं बरेच दिवस तुटत होतं आणि बरेच दिवस कुणी बघितलं नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, पैसे कुठे आहेत? प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. चांगलं पातं महाग असतं, बाहेरून मागवलेलं तर फारच. तालुक्याच्या शाळेतल्या क्लबाला ते झेपत नाही. पण पैशाचा प्रश्न आपण चुकीच्या वहीत मांडतो, असं माझं म्हणणं आहे. शाळा-कॉलेजांत दोन प्रकारच्या नोंदी असतात. खडू, शाई, कागद या संपणाऱ्या वस्तू. टेबल, कपाट, पंखा या डेडस्टॉक रजिस्टरातल्या वस्तू. डेडस्टॉकमधली वस्तू मोडली तरी फेकता येत नाही, तिचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं. तलवार दिसायला भारदस्त असते, म्हणून ती कपाटाच्या शेजारी जाऊन बसते. मग प्रत्येकाचा स्वार्थ एकच होतो, रजिस्टरात वीस आहेत तर स्टँडवर वीस दिसले पाहिजेत. वाकडं चालेल, गंजकं चालेल, पण वीस भरले पाहिजेत.

अख्खी तलवार संपत नाही, हे इथे लक्षात घ्या. गार्ड वर्षानुवर्षं टिकतो. मूठ टिकते, सॉकेट टिकतं, टोकाचा बराचसा भाग काढून पुन्हा बसवता येतो. संपतं ते फक्त पातं. ते खडूच्या जातीचं आहे. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी किती शटल कचऱ्यात जातात बघा. खेळणारे महिन्याला शटलचे पैसे काढतात आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पिसं तुटलेल्या शटलने खेळ म्हटलं तर लोक हसतील. तुटक्या शटलने तर कुणाचा डोळाही जात नाही. मग पात्यासाठी वेगळी वर्गणी मागायला आपल्याला लाज का वाटते? दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी मुलांना या खेळात घालणारे पालक पुष्कळ आहेत. ते प्रवासाला पैसे देतात, ट्रॅकसूटला देतात, प्रमाणपत्राच्या झेरॉक्सला देतात. पात्यासाठीही देतील. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की ही संपणारी वस्तू आहे.

दुसरं उत्तर जास्त भावनिक असतं. भवानी देवीची गोष्ट. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव केल्याचं तिने सांगितलं आहे, कारण तलवारी महाग होत्या. ही गोष्ट पोरांना सांगायची आणि पुढे जोडायचं, "तिने काठीवर केलं, तुम्हाला तलवार मिळतेय तरी तक्रार?" तिच्या जिद्दीपुढे मी मान झुकवतो, पण या वापरापुढे नाही. गोष्टीतून निघणारा खरा धडा नेमका उलटा आहे. चांगलं पातं परवडत नसेल तर सरावाला काठी घ्या, थकलेलं पोलाद घेऊ नका. आणि काठीलाही सोडू नका. जपानच्या केंदोत बांबूचीच तलवार असते, तिला शिनाय म्हणतात. तिथे खेळायच्या आधी शिनायला कुसळ निघालंय का, पट्टी चिरली आहे का, हे तपासणं हा शिस्तीचा भाग आहे. समोरच्याच्या डोळ्यात कुसळ जाऊ नये एवढंच त्यामागचं कारण. आपल्याकडे शिस्त म्हणजे काय, तर सरांना उलट प्रश्न न विचारणं.

तिसरं उत्तर, "आम्ही असंच शिकलो, काही झालं नाही." ज्याला काही झालं तो हे वाक्य म्हणायला क्लबात उरलेला नसतो. यापेक्षा जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

बिघडेपर्यंत वापरायचं, ही इंजिनिअरिंगमध्ये मान्य पद्धत आहे. घरातला बल्ब आपण तसाच वापरतो, गेला की बदलतो. बल्ब गेला तर पाच मिनिटं अंधार होतो, म्हणून ते चालतं. पण लिफ्टचा दोर कुणी तुटेपर्यंत वापरत नाही. पातं बल्बसारखं वापरायचं की लिफ्टच्या दोरासारखं, हे ते तुटताना समोर काय असतं यावर ठरायला हवं. समोर माणूस असतो. आपल्या जुगाडाचं आपल्याला फार कौतुक आहे. स्वतःच्या जिवावर जुगाड करणाऱ्याला मी एक वेळ सलाम करीन. पण हा जुगाड तसा नाही. इथे काटकसर तुमची आणि डोळा दुसऱ्याचा.

म्हणून माझ्या मागण्या अगदी किरकोळ आहेत. पात्याची नोंद संपणाऱ्या वस्तूंत करा आणि त्याची वर्गणी वेगळी घ्या. प्रत्येक पात्यावर मुठीजवळ कागदी पट्टी चिकटवून वापरायला काढल्याची तारीख लिहा. आठवड्यातून एकदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर, पोरांच्याच हातून कापूस फिरवून घ्या, म्हणजे तपासणी हा सरांचा उपकार न राहता खेळाचा भाग होईल. चांगली पाती नवख्यांना द्या. आणि काढलेलं पातं त्याच दिवशी हॅकसॉने मधोमध कापा, टोकांना कापड गुंडाळा, भंगारात घाला. कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात ठेवलेलं पातं गर्दीच्या शनिवारी हटकून स्टँडवर परत येतं.

आणि हे वाचणारी जी पोरं रोज संध्याकाळी मास्क चढवतात त्यांना एवढंच सांगतो. सरांचा मान ठेवा, पण पातं स्वतः बघा. तुमच्याच नव्हे, समोरच्याच्याही हातातलं. त्यात कोन दिसला, चीर दिसली, तर सॅल्यूट करायच्या आधी सांगा, "हे बदल, मग खेळू." उद्धट म्हणतील, घाबरट म्हणतील. म्हणू देत. ज्या खेळात लढतीआधी समोरच्याला सलाम ठोकावा लागतो, त्यात त्याच्या डोळ्यांची काळजी घेणं हा उद्धटपणा कधीपासून झाला?